श्रावणभाऊंची जोडी आणि माझा भोंगा

श्रावणभाऊंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण मी एकट्यानेच केलं. छत्तीसेक वर्षं झाली असतील. मी कोसमटोलीच्या शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. शाळा गावाबाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, अगदी लागून. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात सतराचा पाढा घेत होतो. माझा आवाज कसा आहे हे या ग्रंथाच्या वाचकांना मी सांगायला नको. पाढा ऐन रंगात आला असताना दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले, हात जोडलेले.

"गुरुजी," ते म्हणाले, "थोडं हळू शिकवान का? माहे बैल बिचकून राह्यले."

मला राग आला. नवा मास्तर, बाविशी-तेविशीचं वय, डोक्यात शिक्षणाने देश बदलायचा वगैरे. मी पाढा थांबवला आणि त्या गृहस्थांना दारातच शिक्षणाचं महत्त्व समजावून दिलं. चांगला पाऊण तास दिलं. त्यांनी ते सगळं उभ्याने ऐकलं, शेवटी मान हलवली, "पटलं गुरुजी" म्हणाले आणि निघून गेले. मी मुलांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

शाळेलगतच्या त्या बांधीत त्या हंगामात दिवसा कधी नांगर चालला नाही. शाळा सुटल्यावर, संध्याकाळी ती नांगरली जायची. श्रावणभाऊंनी आपल्या कामाची वेळ माझ्या पाढ्यांप्रमाणे बदलून घेतली होती आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. हे मला किती वर्षांनी कळलं म्हणता? दहा. तेही त्यांच्याकडून नाही, त्यांच्या पत्नी अनसूयावहिनींकडून.

श्रावणभाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादक मंडळाने मला "आठवणी, पण आटोपशीर" असं लिहून पाठवलं आहे. आटोपशीर हा शब्द त्यांनी दोनदा लिहिला आहे. मी प्रयत्न करतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी शंकरपट भरतो. दोन बैलांना एक हलकी छकडी जुंपायची, अशा दोन छकड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, आणि झेंडी पडली की कापणी झालेल्या बांध्यांमधून आखलेल्या सरळ पट्टीवर त्या पळवायच्या. हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. धाव सारी पंधरा सेकंदांची, फार तर वीस. पण तेवढ्यासाठी गावातलं एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. लेकी-जावई येतात, चुलीवर मोठी पातेली चढतात, पोरापोरींच्या सोयरिकी इथेच जुळतात, आणि रात्रीच्या नाटकाच्या मंडपात जागा धरायला पोत्यांच्या घड्या दुपारपासूनच टाकून ठेवलेल्या असतात. श्रावणभाऊ या भागातले नावाजलेले धुरकरी. आणि मी पटाचा भोंगा. माझं काम माइकवरून बोलायचं. कोणाची जोडी, कुठलं गाव, कोण पुढे, कोण मागे. शाळेतला पगार शासन देत होतं, पण मी जगत होतो ते पटाच्या दिवसांसाठी, हे आता निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

तरुणपणी श्रावणभाऊ पट मारायचे ते तुतारीच्या जोरावर. तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी. सगळेच वापरायचे, तेही वापरायचे, आणि त्यांचा हात सगळ्यांत जलद होता असं जुने लोक सांगतात. ती त्यांनी का सोडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर बैल धुता धुता, माझ्याकडे न पाहता.

त्यांचा कबऱ्या नावाचा बैल होता. एका पटात पहिला नंबर आला, गुलाल उधळला गेला, घरी मिरवणूक आली. दुसऱ्या दिवशी ते कबऱ्याला धुवायला बोडीवर घेऊन गेले. "अनसूयानं हात लावला तं उभा राह्यला," ते म्हणाले. "पोट्ट्यायनं लावला तं उभा राह्यला. मी हात पुढं केला, अन् त्यानं आंग चोरलं. माह्या बैलानं, गुरुजी. माह्या हातचं खाऊन मोठा झालेल्या बैलानं."

त्याच दिवशी त्यांनी तुतारीचा खिळा उपटून फेकला. काठी मात्र टाकली नाही, त्यांना काही टाकवत नाही. परसातल्या वालाच्या वेलाला आधार म्हणून ती रोवली. पुढे कैक वर्षं ती तिथे होती. मी स्वतः तिच्यावरच्या शेंगांची भाजी खाल्लेली आहे.

आणि मग श्रावणभाऊ हरू लागले. बाकीच्यांच्या हातात तुतारी, यांच्या हातात नुसता कासरा आणि तोंडात "बाबू, चाल रे बाबू". काय होणार? हंगामामागून हंगाम गेले. लोक थट्टा करायचे. "श्रावणभाऊ, बैल हाकून राह्यले का त्याइची समजूत काढून राह्यले?" ते हसायचे आणि म्हणायचे, "समजूतच काढतो बाप्पा. एक दिवस पटन त्याइले."

थट्टा करणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा असेल हे सुज्ञांनी ओळखलंच असेल. "कोसमटोलीची जोडी निघालेली आहे," मी माइकवरून सांगायचो, "जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचेल अशी आशा करू या." हजार माणूस खदखदून हसायचं. ते हसू मला फार गोड लागायचं. या ग्रंथात सगळ्यांनी श्रावणभाऊंचे गुण लिहिले असणार, म्हणून माझा हा अवगुण मी इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यांचा पाहुणचार तर तालुकाभर प्रसिद्ध आहे. पटाच्या दिवसांत त्यांच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांचे बैल आधी जेवतात, पाहुणे नंतर. एकदा त्याच सकाळी ज्याने त्यांना पटात हरवलं त्या धुरकऱ्याचा बैल दुपारी लंगडू लागला. श्रावणभाऊ संध्याकाळपर्यंत त्या बैलाचा पाय मिठाच्या गरम पाण्याने शेकत बसले होते. अनसूयावहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "घरी आलेला मानूस उपाशी बसला तरी चालते, बैलाचा पाहुनचार पयले." तो धुरकरी बिचारा खरोखरच उपाशी बसला होता. मीही बसलो होतो.

मग बंदी आली. न्यायालयाचा निकाल लागला आणि पट थांबले. चांगली सात वर्षं. त्या निकालाविषयी माझं मत काय होतं ते मी त्या वेळी भरपूर बोललो आहे, पुन्हा बोलत नाही. श्रावणभाऊ मात्र म्हणाले, "बंदी आमच्या करनीनंच आली. खिळे कोनी लावले होते?" हे वाक्य त्यांनी भर सभेत, बंदीविरुद्ध ठराव मांडायला जमलेल्या धुरकऱ्यांच्या तोंडावर म्हटलं. त्या दिवशी त्यांच्याशी पुष्कळ जण बोलले नाहीत. त्यांत मीही होतो, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लाखोळीच्या डाळीचं गाठोडं घरी आणून दिलं आणि काही झालंच नाही असं दाखवून चहा प्यायले.

बंदीच्या काळात लोकांनी पटाचे बैल विकून टाकले, छकड्या माळ्यावर गेल्या. माझा आवाज मंगलाष्टकं आणि स्वातंत्र्यदिन यांवर येऊन ठेपला. श्रावणभाऊंनी उलटं केलं. त्यांच्या गोठ्यात मोऱ्या नावाचा गोऱ्हा वाढत होता, आणि धाकटे भाऊ देवाजीभाऊ यांच्या गोठ्यात चांद्या. दोघांचं वय एक, चाल एक, उंची एक. त्यांनी देवाजीभाऊंकडून चांद्या मागून घेतला आणि दोघांची जोडी लावली. पट भरणार नाही हे माहीत असताना. रोज सकाळी शेतावर जाताना मोकळ्या रस्त्याने ते त्या जोडीशी बोलत जायचे. मोठ्याने नाही. शेजारून जाणाऱ्याला वाटावं, माणूस स्वतःशीच पुटपुटतो आहे. "बाबू" म्हटलं की दोघांनी कान मागे करायचे, "हो" म्हटलं की पाय उचलायचे, आणि तेच "हो" लांबवलं की सुटायचं. एवढंच शिक्षण. याला चार वर्षं लागली.

आलापल्लीकडचे दोन तरुण धुरकरी हे ऐकून मंत्र शिकायला आले होते. श्रावणभाऊंनी त्यांना चार दिवस गवत कापायला लावलं. पाचव्या दिवशी ते चिडून म्हणाले, "भाऊ, मंत्र सांगा नं." ते म्हणाले, "चार दिस झाले, बैलाचं नाव घेऊन बलावलं का एकडाव तरी?" दोघांनाही बैलांची नावंच माहीत नव्हती. त्यांतला एक जण आज चांगला धुरकरी झाला आहे आणि त्याचा लेख याच ग्रंथात आहे. त्याने गवताचा उल्लेख केला नसेल तर मी केला आहे.

बंदी उठली. तुतारी चालणार नाही, मारहाण चालणार नाही, या अटींवर पट पुन्हा सुरू झाले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता श्रावणभाऊंचं राज्य. सगळ्यांचे हात रिकामे, आणि बोलण्यात तर त्यांची जोडी चार वर्षं पुढे. पहिल्या हंगामात ते हरले. दुसऱ्यातही हरले. कोणाला काही उमजेना. रस्त्यावर वाऱ्यासारखी जाणारी जोडी पटाच्या पट्टीवर आली की गोंधळायची, कान इकडे-तिकडे करायची आणि झेंडी पडल्यावर दोन क्षण तिथेच राहायची. पंधरा सेकंदांच्या खेळात दोन क्षण गेले तर उरतं काय?

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर देवाजीभाऊ बोलले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो, या ग्रंथाचा मंडपही तेच घालणार आहेत. त्यांच्या गोठ्यात एकच बैल उरला होता आणि त्यांची शेतीची कामं अडत होती. ते म्हणाले, "दादा, आता लय झालं. मेंढेबोडीच्या पटात जोडी नंबरात लागली तं लागली. नाई तं चांद्या मी घरी नेतो, माह्या बैलासंग नांगराले जुपतो. दोन घरचे बैल किती दिस एका जुवाखाली ठेवाचे?"

श्रावणभाऊंनी मान हलवली. भावाचा बैल, भावाची गरज, त्यांना काय बोलता येणार? पण अनसूयावहिनींनी मला सांगितलं की त्या दिवसापासून ते जेवताना अर्धी भाकर ठेवून उठायचे आणि ती दोघा बैलांच्या तोंडात अर्धी अर्धी द्यायचे. जोडी फुटली की बैल नुसता बैल राहतो. चार वर्षं एकाच आवाजावर पाय उचलायला शिकलेले दोन जीव, एक इकडे नांगराला, एक तिकडे गोठ्यात. मेंढेबोडीला ते मनावर एवढं ओझं घेऊन आले होते.

मेंढेबोडी म्हणजे ब्रह्मपुरीकडून वैनगंगेच्या दिशेने जाताना लागणारं गाव. पट दोन दिवसांचा. पट्टीच्या एका बाजूला चढी, कोरडी जमीन, दुसऱ्या बाजूला बोडी. बोडीच्या पाझराने त्या बाजूची पट्टी मऊ असते, बैलांचे खूर रुततात. मंडप बोडीच्या बाजूला, म्हणून भोंगेही त्याच बाजूला, बांबूंवर ओळीने बांधलेले. पहिल्या दिवशी श्रावणभाऊंची जोडी कोरड्या बाजूने निघूनही हरली. मी माइकवरून काय बोललो ते आठवतं, पण लिहीत नाही.

दिवस मावळायच्या आत मी त्यांना भेटायला गेलो. ते ज्या घरी उतरले होते तिथल्या अंगणात मोऱ्या आणि चांद्या बांधलेले, श्रावणभाऊ त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसलेले. देवाजीभाऊ खाटेवर, मांडीवर एक कोरं, लाल गोंडे लावलेलं दावं. चांद्याला घरी न्यायला त्यांनी नवं दावं आणलं होतं. मी विचारलं, "श्रावणभाऊ, काय होतं हो पट्टीवर? रस्त्याला तर छान चालतात."

"काई नाई गुरुजी," ते म्हणाले. "बैलायले आयकू येत नाई."

"काय ऐकू येत नाही?"

ते चांद्याच्या पुढ्यातला चारा सारखा करू लागले. अनसूयावहिनी चुलीपासून उठून आल्या. हातात पळी तशीच होती.

"मी सांगतो," त्या म्हणाल्या. "तुमचा भोंगा, गुरुजी. तुमी झेंडी पडाच्या आंधी सुरू होता ते धाव संपेपर्यंत थांबत नाई. माह्या घरचा मानूस हळू बोलते. बैलाच्या कानात तुमी जाता, हे नाई जात. तीन हंगाम झाले."

"अनसूया," श्रावणभाऊ म्हणाले, "गुरुजीचं ते कामच हाये."

मी तिथे असलेल्या ओंडक्यावर बसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. मग लाज वाटली. सतराचा पाढा आठवला. इतक्या वर्षांपूर्वी हेच सांगायला हा माणूस हात जोडून माझ्या दारात आला होता, आणि मी त्यांना पाऊण तास उपदेश केला होता.

"तीन हंगाम माहीत होतं तुम्हाला," मी म्हटलं. "मला एकदा सांगायचं नाही का? काऊन नाही सांगितलं?" पुण्याला शिकलेली माझी भाषा अशा वेळी हातची सुटते आणि इकडचं 'काऊन' तोंडात येतं.

श्रावणभाऊ मोऱ्याच्या मानेवरून हात फिरवत होते. "सात वर्सं तुमी बी तं मुके होते, गुरुजी," ते म्हणाले. "पट सुरू झाला तं तुमचं तोंड कसं फुललं होतं. ते मी कसं बंद करू?"

मी उठलो आणि माझ्या मुक्कामापर्यंत वाटेत भेटेल त्याला नुसते हात जोडत गेलो. माझ्या आयुष्यात असं फार थोड्या वेळा झालं आहे आणि त्या दिवशी ते दुसऱ्या दिवसाची तयारी म्हणूनच झालं असावं.

मेंढेबोडीचा एक जुना रिवाज आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर मात केलेली जोडी ठरली की पंच एकदा विचारतात, "कोनी मागनी करते का?" हरलेल्यांपैकी कोणीही एक धुरकरी उठून त्या जोडीशी शेवटची धाव मागू शकतो. मात्र मागणाऱ्याला बोडीची बाजू घ्यावी लागते, आणि त्याची छकडी जिंकलेल्या छकडीच्या एक जोडीभर मागे उभी करतात. मी इतकी वर्षं हा प्रश्न माइकवरून विचारत आलो. बहुतेक वेळा कोणी उठत नाही. उठलेला जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि श्रावणभाऊ उठले. लोकांत हसू पसरलं. अंतिम फेरी जिंकलेली जोडी आरमोरीकडची, पांढरीशुभ्र, शिंगांना पितळी टोपणं, बघत राहावं अशी. मी माइकवरून दोन्ही गावांची नावं सांगितली, दोन्ही धुरकऱ्यांची नावं सांगितली, आणि माइकची कळ खाली केली.

पंचांपैकी एक जण माझ्याकडे वळले. "गुरुजी, बोला नं." मंडपवाला धावत आला, त्याला वाटलं तार तुटली, तो पेटीची झाकणं उघडू लागला. मी कळीवर हात ठेवून बसलो. घशापर्यंत शब्द आले होते आणि तिथे गर्दी करून उभे होते. तोंड उघडू नये म्हणून मी उपरण्याचं टोक दातांत धरलं. माझ्या शेजारी बसलेल्या सरपंचबाईंना वाटलं मला झटका आला.

आणि एक गोष्ट झाली जी मी मुळीच योजली नव्हती. भोंगा अचानक बंद पडला की माणसं आधी भोंग्याकडे पाहतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंची हजारभर माणसं गप्प झाली आणि बांबूंवरच्या भोंग्यांकडे पाहू लागली. त्या शांततेत झेंडी पडली.

पांढरी जोडी आधीच पुढे होती, ती आणखी पुढे गेली. तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. इतकी वर्षं पट सांगत आलो, पण धुरकऱ्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बाबू," श्रावणभाऊ म्हणाले. घरातल्या माणसाला पाणी मागावं तसं. मोऱ्या आणि चांद्याचे चारही कान मागे वळले. मग "हो". मग तेच "हो" लांबवलं, न ओरडता, नुसतं लांब केलं, आणि ती जोडी सुटली.

बोडीच्या बाजूला चिखलाचे थेंब उडताना दिसले. अर्ध्या पट्टीवर त्यांची शिंगं पांढऱ्या जोडीच्या छकडीच्या चाकांच्या रेषेत आली. तिथून पुढे काय झालं ते एरवी मी तुम्हाला पन्नास वाक्यांत सांगितलं असतं. त्या दिवशी मी फक्त पाहिलं. आधी चांद्याचं डोकं पुढे गेलं, मग मोऱ्याचं, आणि शेवटची दोरी त्यांनी डोकंभर अंतराने ओलांडली. श्रावणभाऊंचे दोन्ही हात कासऱ्यावर होते, काठी कुठेच नव्हती.

निकाल माइकवरून जाहीर झाला नाही. पंचांनी दोनदा खूण केली, पण मला उपरणं तोंडातून काढता येईना. मी रडत होतो, स्पष्टच सांगतो. लोकांना निकाल सांगायची गरजही नव्हती. इतकी वर्षं ते माझ्या तोंडून पट पाहत होते, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

देवाजीभाऊ गर्दीतून वाट काढत गेले. त्यांनी ते लाल गोंड्यांचं नवं दावं चांद्याच्या गळ्यात बांधलं, गाठ पक्की केली आणि दुसरं टोक श्रावणभाऊंच्या हातात दिलं. "मोऱ्याले बी असंच आनतो," ते म्हणाले. "एकाले नवं अन् एकाले जुनं, बरं नाई दिसत." चांद्या आजही श्रावणभाऊंच्या गोठ्यात आहे. दोन्ही शेतांची नांगरणी दोघे भाऊ मिळून करतात, आधी धाकट्याची बांधी, मग थोरल्याची.

आरमोरीकडच्या त्या धुरकऱ्याने श्रावणभाऊंना विचारलं, "भाऊ, बैलाच्या कानात तुमी काय सांगतलं?" ते म्हणाले, "काई नाई बाप्पा. गुरुजी चूप राह्यले, म्हनून त्याइले आयकू आलं." इतकं मोठं श्रेय मला आजवर कोणी दिलेलं नाही, आणि तेही न बोलण्याबद्दल. त्यानंतर मी जिथे जिथे पट सांगतो, तिथे झेंडी पडली की कळ खाली करतो. आता इतर गावांतही तशी प्रथा पडू लागली आहे. मंडपवाले म्हणतात, गुरुजींचं वय झालं. म्हणू देत.

माझी निवृत्ती झाली तेव्हा सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. श्रावणभाऊ मागच्या रांगेत बसले होते, सगळे गेल्यावर पुढे आले आणि त्यांनी मला एक काठी दिली. टोकाला खिळा उपटल्याचं भोक, अंगावर वालाच्या वेलाच्या खुणा. "आता फिराले जात जा, गुरुजी," ते म्हणाले. "आवाजाले आराम, पायायले काम." ती काठी घेऊन मी रोज सकाळी बोडीपर्यंत जातो. वाटेत मोऱ्या-चांद्या दिसले तर त्यांच्याशी बोलतो. अजून तरी त्यांनी माझ्यासाठी कान मागे केलेले नाहीत.

एक जोडी घडवायला श्रावणभाऊंना चार वर्षं लागतात. मोऱ्या आणि चांद्यानंतर त्यांनी अजून दहा जोड्या घडवाव्यात, अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. साठ अधिक चाळीस, हा हिशेब गणिताच्या मास्तराने केलेला आहे आणि तो चुकणार नाही. तोवर त्यांचे गुडघे चिखलात न थकोत, अनसूयावहिनींची पळी चुलीवर आणि वेळप्रसंगी आमच्या तोंडावर अशीच चालत राहो, आणि दोघा भावांच्या गोठ्यांमधली वाट कधी मोडू नये.

सत्काराच्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडे दिलं आहे. मी त्यांचं नाव पुकारीन आणि माइकची कळ खाली करीन. ते उठून बोलतील, हळूच बोलतील. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही तर त्यांनी ओरडू नये. थोडं पुढे सरकून बसावं.